एकाच पुस्तकातल्या सतरा गोष्टी

१० सप्टेंबर, बुधवार

मायला आज धुळ्याहून जळगावला घरी आणलं. भाड्याच्या गाडीत ती सगळा रस्ता खिडकीला नाक लावून बसली होती आणि मी तिचं मनगट धरून. काल सकाळी शेजारच्या किराणा दुकानाच्या सूरजबाईंना ती ओट्यावर पडलेली दिसली. घामानं निथळत होती, बोलता येत नव्हतं. साखर पार खाली गेली होती. "अजून तासभर उशीर झाला असता तर..." एवढं म्हणून डॉक्टर थांबले.

कारण सापडलं. गोळ्या उलट्या घेतल्या. साखरेची गोळी सकाळी जेवणाआधी घ्यायची, ती रात्री काही न खाता. रक्तदाबाची रात्रीची, ती सकाळी. आठ दिवस असंच चाललं होतं. या वेळी गोळ्या मीच पाठवल्या होत्या, इथल्या दुकानातून, तीन महिन्यांच्या एकदम. प्रत्येक पाकिटावर जाड स्केचपेननं लिहिलं होतं, ‘सकाळी जेवणाआधी’, ‘रात्री’. पहिलीतल्या पोरांना वाचता येईल असं अक्षर. मी पहिलीलाच शिकवते, मला माहीत आहे.

निघताना सूरजबाई माझ्या कानाशी लागल्या. "बेटा, डब्बी का रंग बदल गया था. पहले लाल और पीली आती थी." मी हो हो म्हटलं. माणूस मरता मरता वाचलंय आणि यांना रंगाचं पडलंय.

भूषणला पुण्याला फोन केला. म्हणाला, "अक्का, हे साधं विसरणं नाही." धाकटा असून घरातला मोठा तोच झालाय. डॉक्टरांनी मायचं रोजचं वागणं टिपून ठेवायला सांगितलंय, म्हणून ही वही.

१३ सप्टेंबर, शनिवार

टिपायचं काय? माणूस ठणठणीत आहे. आल्याच्या दुसऱ्या दिवशी कॉलनीतल्या पोरींना जमवून हिनं माती कालवली आणि गुलाबाई-गुलाबाजी घडवले. गुलाबाई भाद्रपदाच्या पौर्णिमेला बसवतात, ती उलटून गेलीय म्हटलं, तर म्हणे, "गुलाबाई मायेरले उशिरा उनी तं तिले हाकली देशी का?" गुलाबाजीचं नाक हुबेहूब आमच्या ह्यांच्यासारखं. हेमराज दोन वेळा आरशात बघून आले.

आता रोज संध्याकाळी पोरी येतात, गाणी म्हणतात, मग खाऊ ओळखायचा. डबा बंद, माय तो कानाशी हलवते आणि पोरी आवाजावरून ओरडतात: शेंगदाणे, फुटाणे, मुरमुरे. ओळखला तर सगळ्यांना, नाही ओळखला तरी सगळ्यांना.

आमच्या लहानपणी तर स्वयंपाकघरातल्या डब्याडब्यावर तिनं चित्र काढलेलं असायचं. तिखटाच्या डब्यावर जीभ बाहेर काढलेलं माकड, मिठाच्या डब्यावर रडका डोळा, तूरडाळीवर खोकणारा म्हातारा. इतरांच्या घरी डब्यांवर चिठ्ठ्या असत. मला त्या घरांची कीव यायची.

१६ सप्टेंबर, मंगळवार

इथल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे तपासणी झाली.

"आज तारीख काय, आजी?"

"गुलाबाईना दहावा दिन."

डॉक्टरांनी शून्य लिहिलं.

घड्याळ काढा म्हणाले. हिनं गोल काढला आणि आकड्यांच्या जागी बारा चिमण्या बसवल्या. काटे कुठे, असं विचारलं तर म्हणे, "चिमण्या उडन्यात का येळ समजस." मग डॉक्टरांनी एक कागद पुढे केला. मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘डोळे मिटा’. "हे वाचा आणि तसं करा." मायनं कागद लांब धरला, जवळ आणला, डॉक्टरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि डॉक्टरांना जीभ दाखवली.

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

शेवटी एक वाक्य लिहायला सांगितलं. हिनं कोरा कागद ओढला आणि डॉक्टरांचंच चित्र काढलं, टक्कल आणि मिशीसकट. इतकं हुबेहूब की नर्स तोंडाला पदर नाही म्हणून फाईल लावून हसली. डॉक्टर हसले नाहीत. तीसपैकी चौदा. "चित्रकला शाबूत आहे, पण सूचना समजत नाहीत," असं म्हणाले. विसरण्यावरची गोळी सुरू केली. चार ऑक्टोबरला पुन्हा तपासणी.

बाहेर आल्यावर माय रिक्षात बसली. मग म्हणाली, "पास का नापास?" मी रिक्षावाल्याला पत्ता सांगितला.

१७ सप्टेंबर, बुधवार

भूषणनं पुण्यात एक जागा बघून ठेवलीय. विसरभोळ्या म्हाताऱ्यांचं केंद्र. चोवीस तास माणसं, दाराला आतून कुलूप, बाग वगैरे. आठ ऑक्टोबरपासून खाट मिळेल. चार तारखेला तो गाडी घेऊन येतोय, तपासणीला हजर राहील, पुन्हा असाच निकाल लागला तर परस्पर घेऊन जाईल. धुळ्याची खोली सोडायची.

मायला अजून सांगितलेलं नाही. ती रोज विचारते, "माले धुयाले कधय धाडशी?"

खरं लिहायचं तर ती पुण्याला गेली तर मी सुटेन. शाळा, ह्यांचा डबा, त्यात शाळेकडून आलेलं निरक्षरांचं सर्वेक्षण, आणि घरी आल्यावर ही आज काय करून बसलीय याची धास्ती. लिहिलं. आता खोडत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

पाऊस नाही, नुसतं उकडतंय. दिवसभर जुनं काहीबाही आठवत राहिलं.

धुळ्याच्या स्टँडवर माय आमचा खेळ घ्यायची. गाडी फलाटाला लागली की म्हणायची, "वळखा, हाई गाडी कथा जाई?" मी आणि भूषण पाटी वाचून ओरडायचो, शिरपूर! पिंपळनेर! जो आधी ओरडेल त्याला लिमलेटची गोळी. पिंपळनेर ऐकलं की ती आम्हाला दोन्ही काखांत धरून गाडीत चढायची. तिचं माहेर तिकडचं.

आणि ते गोष्टीचं पुस्तक. नानांनी, म्हणजे वडिलांनी, कचेरीतून कुठलंसं एक पुस्तक आणलं होतं, निळ्या पुठ्ठ्याचं. आमच्याकडे तेवढं एकच. त्या एका पुस्तकातून मायनं मला सतरा गोष्टी वाचून दाखवल्या. मी मोजल्या होत्या. तेच पान, तेच हत्तीचं चित्र, पण कधी हत्ती लग्नाला निघालेला, कधी रुसून नदीत बसलेला. मैत्रिणींच्या आया तीच ती गोष्ट पुन्हा वाचायच्या. शाळेत गेल्यावर मी पुस्तक स्वतः वाचलं, तर आत पीक संरक्षणाची माहिती. माय म्हणाली, "तू बराबर वाचं नही."

चौथीत नाना दौऱ्यावर होते, तेव्हा प्रगतिपुस्तकावर तिनं सहीच्या चौकोनात पोपट काढून दिला. बाईंनी मला बाकावर उभं केलं. मी घरी येऊन रडले तर मायनं बाईंची अशी नक्कल केली की मी हसून हसून लोळले.

अशी बाई विसरतेय. देवाला काही कळतं का, कोण जाणे.

२४ सप्टेंबर, बुधवार

मागच्या केळीच्या वखारीतून उंदीर येतात. औषधाचे गुलाबी गहू आणले. घरात माय आहे म्हणून जपून सगळं केलं. बिस्किटांच्या पत्र्याच्या रिकाम्या डब्यात घालून वर चिकटपट्टी लावली आणि चारी बाजूंनी लाल अक्षरात लिहिलं, ‘विष. हात लावू नये.’ माळ्याच्या खालच्या फळीवर ठेवलाय.

गॅसवर चिठ्ठी, गिझरवर चिठ्ठी, मागच्या दारावर चिठ्ठी. भूषण म्हणतो, केंद्रातही असंच करतात. माय चिठ्ठ्यांकडे बघते आणि मान हलवते. काल गिझर बंद करायचा राहिलाच. चिठ्ठी डोळ्यांसमोर होती.

सर्वेक्षणात आज चाळीस घरं झाली. पंधरा वर्षांवरचा जो कोणी निरक्षर, त्याचं नाव लिहायचं. लोक कबूल करत नाहीत. बायका तर फारच हुशार. एक म्हणते हात पिठाचे आहेत, एक म्हणते तुम्हीच वाचा ना, तुमचा आवाज गोड आहे. आणि सगळ्यात लाडकं उत्तर, चष्मा घरी राहिला. एकीच्या तर घरातच बसलो होतो. आता मला बघूनच ओळखू येतं.

२७ सप्टेंबर, शनिवार

हे नीट लिहायचा प्रयत्न करते.

साडेसहाला सर्वेक्षणाहून आले. दारातूनच पोरींचा कल्ला ऐकू आला. ओसरीत गुलाबाईपुढे दहा-बारा जणी, सगळ्यात पुढे समोरची हर्षिता, सहा वर्षांची. मध्ये माय, चष्मा घातलेला, केसात अबोलीचा गजरा. डबा कानाशी धरून हलवत होती.

"वळखा व पोरी, काय शे?"

"गहू!" हर्षिता ओरडली. "भाजलेले गहू!"

माय चपापली. तिनं शेंगदाणे भरले होते. डबा पुन्हा हलवला, ऐकला. मग हसून म्हणाली, "तुनं तोंड गोड व्हवो," आणि चिकटपट्टीला नख लावलं.

मी कशी पोचले ते मला आठवत नाही. डबा हिसकला, तो माझ्या हातूनच पडला, पण झाकण घट्ट राहिलं. शेंगदाण्यांचा डबा तसाच फळीवर होता, शेजारीच, तसाच पत्र्याचा. मी किंचाळले. पोरींसमोर, शेजारणींसमोर किंचाळले. "दिसत नाही का तुला? केवढं लिहिलंय! चारी बाजूंनी लिहिलंय!"

मायनं डबा पाहिला. मग माझ्याकडे पाहून अगदी हळू म्हणाली, "चष्मा नही व्हता व."

चष्मा नाकावर होता.

पोरींना त्यांच्या आया घेऊन गेल्या. हर्षिताच्या आईनं तिची बोटं हुंगून पाहिली, तेच जास्त लागलं. मी भूषणला फोन लावला आणि म्हटलं, तपासणीची वाट कशाला बघतोस, घेऊन जा तिला. तो म्हणाला, चार तारखेपर्यंत सांभाळ.

माय जेवली नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

सकाळी सर्वेक्षणाचा गोषवारा करायला बसले. शेवटच्या रकान्यात कारणं लिहायची होती. मी लिहीत होते, ‘चष्मा नसल्याचे सांगणाऱ्या महिला, अकरा.’

पेन तिथंच थांबलं.

मग शाळेतलं एक चित्रांचं पुस्तक घेतलं आणि मायच्या शेजारी जमिनीवर बसले. म्हटलं, "माय, गोष्ट वाचून दाखव ना." तिला बरं वाटलं. कालचं विसरून मी जवळ आले असं वाटलं असणार. तिनं पुस्तक उघडलं, चष्मा सारखा केला, आणि कावळ्याची गोष्ट सुरू केली. कावळा सासुरवाडीला जातो, बायकोची साडी चोचीत धरून नेतो, वाटेत साडी वाऱ्यावर पसरते. फार सुरेख सांगितली. पानावर कावळ्याचं चित्र होतं. खाली लिहिलं होतं ते स्वच्छ पाणी पिण्याबद्दल.

मी तिला शेवटपर्यंत सांगू दिलं. मग विचारलं, "माय, तुले वाचता येस नही ना?"

तिनं पुस्तक मिटलं. पंखा फिरत होता. तिनं पदरानं पुस्तकाचा पुठ्ठा पुसला, एकदा, दोनदा.

"मना बापनी लगीनना येळले सांगेल व्हतं, पोर चौथी शिकेल शे," ती म्हणाली. "गावमा शाळाच नही व्हती, तं चौथी कथाईन? तुना बापले तिसराच दिनले समजी गयं. म्हने, मी कचेरीमा कारकून, बायको अंगठाबहाद्दर. कोनले समजू देऊ नको."

"आणि सही? पेन्शनची सही तर करतेस."

"ती चित्र शे. मनं नावनं चित्र. नानानी काढी दिधं, मी गिरवं."

मी किती वेळा ती सही पाहिलीय. माय सावकाश, जीभ दातात धरून सही करते आणि मी म्हणायचे, माझ्या आईचं अक्षर बघा. बाकी काही कधी लिहिताना पाहिलं नाही, हे माझ्या लक्षातही आलं नाही. वीस वर्षं लोकांच्या लेकरांना अक्षरं गिरवायला लावतेय.

"मग तू लपवलंस कशाला? डॉक्टरांना सांगायचं ना. ते तुला वेड लागलंय म्हणतात. भूषण तुला पुण्याला कुलपात ठेवायला निघालाय."

हे असं तोंडातून गेलं. तिला पुण्याचं माहीत नव्हतं. तिनं हात लांब करून गुलाबाईपुढचं वाळलेलं फूल उचललं.

"येडी म्हनू दे माले, चालीन," ती म्हणाली. "अडाणी नको म्हनाले. भूषणले तं सांगानंच नही. तो मोठा सायेब शे."

मला तिचा राग आला, आणि तिच्या अंगावर हात टाकून रडूही आलं. दोन्ही एकदमच. मग मी लहान मुलीसारखं विचारलं, म्हणजे तो खेळ नव्हताच, सगळं लपवणंच होतं का? डबे, स्टँडवरच्या गाड्या, निळं पुस्तक?

"खेय नही तं काय व्हतं?" ती म्हणाली. "तुले मजा उनी का नही?"

१ ऑक्टोबर, बुधवार

डॉक्टरांना एकटी जाऊन भेटले. सांगून टाकलं, आणि हेही सांगितलं की भावासमोर याचा उच्चार नको. ते थोडे ओशाळले. शिक्षण किती, हे त्यांनी मलाच विचारलं होतं आणि मीच छातीठोकपणे चौथी सांगितलं होतं. ज्यांना अक्षरं येत नाहीत त्यांच्यासाठी वेगळी तपासणी असते म्हणाले. शनिवारी ती करू. पण लगेच हेही म्हणाले की निकाल चांगलाच लागेल असं समजू नका, गोळ्यांचा घोळ तर झालाच होता.

घोळ. घरी येऊन मायच्या पिशवीतली जुनी पाकिटं काढली. धुळ्याच्या दुकानातली साखरेची लाल, रक्तदाबाची पिवळी. मी पाठवली ती दोन्ही पांढरी. वर माझं सुंदर अक्षर.

सूरजबाईंनी सांगितलं होतं. मला वाटलं, म्हातारी भरकटलीय.

सर्वेक्षणात आमच्या घराचाही तक्ता भरायचा होता. ‘घरातील निरक्षर व्यक्ती’ यापुढे निरंक लिहिलं. मुख्याध्यापकांना कळलं तर बघू.

संध्याकाळी माय म्हणाली, "त्या टकल्या डागदरना कागदवर काय लिखेल व्हतं?" डोळे मिटा, असं सांगितलं. आधी तिला पटेना. मग ती हसायला लागली, तिला जीभ आठवली, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की हे चहा तसाच सोडून बाहेर आले.

रात्री मात्र झोप नाही. शनिवारी नापास झाली तर भूषणला थांबवायला माझ्याकडे काहीच उरत नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

भूषण अकराला पोचला. गाडीच्या डिकीत मायसाठी नवी बॅग, नवा टॉवेल, नवी चप्पल. त्याचाही जीव आहे तिच्यावर, हे लिहायला हवं. तो बाहेर बसला, आत डॉक्टर, माय आणि मी.

वस्तू दाखवून नावं विचारली. झाकून ठेवून पुन्हा विचारली. बाजारातल्या भाज्या भराभर सांगायला लावल्या, तेव्हा मायनं एकवीस सांगितल्या, वर त्यातल्या कोणत्या डॉक्टरांनी खाऊ नयेत तेही. पाच शब्द ऐकवून दहा मिनिटांनी परत विचारले. चार आले. पाचव्याला अडली. डोळे वर लावून बसली, ओठ हलत होते. मी माझी बोटं इतकी घट्ट धरली होती की नखांचे व्रण अजून आहेत. आला नाही तो शब्द.

"वयाच्या मानानं उत्तम," डॉक्टर म्हणाले. विसरण्याची गोळी बंद केली. भूषणला आत बोलावून तेवढंच सांगितलं.

तो घरी येईपर्यंत धुसफुसत होता. "अठरा दिवसांत चौदावरून उत्तम? अक्का, तू काय जादू केलीस? मग गोळ्या उलट्या कशा घेतल्या? उंदराचा डबा कसा उचलला? तूच रडत होतीस ना फोनवर?"

माय भिंतीशी बसून गुलाबाईची ओढणी सारखी करत होती. तिचे हात थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पण ती ऐकत होती.

"गोळ्या माझ्यामुळे," मी म्हटलं. "मी पाकिटं बदलून पाठवली. चूक माझी. डबाही मीच दुसऱ्या डब्याशेजारी ठेवला. घाबरून तिच्यावर ढकललं."

भूषणनं गाडीची किल्ली उचलली. मग जे बोलला ते मी लिहीत नाही. ती मेली असती तर, हे त्याचं शेवटचं वाक्य. जेवायला न थांबता निघून गेला. नवी चप्पल दारात ठेवून गेला, मायच्या मापाची.

त्याला खोटं सांगायचं ठरवून मी बोलले होते. आता लिहून झाल्यावर बघतेय, तर त्यात एकही शब्द खोटा नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागरी

आज गुलाबाई बोळवली. मला वाटलं होतं पोरी येणार नाहीत. पण हर्षिताच्या आईनं स्वतः तिला आणून सोडलं आणि जाताना डब्याकडे एकदा बघून घेतलं. आज डब्यावर मायनं भलंमोठं शेंगदाण्याचं चित्र काढलं होतं. पोरींनी तक्रार केली, मग ओळखायचं काय? माय म्हणाली, आज ओळखायचं नाही, आज नुसतं खायचं.

उद्या तिला धुळ्याला सोडते. गोळ्यांच्या पाकिटांवर तिनं स्वतःच सूर्य आणि चंद्र काढलेत. लिहायला-वाचायला शिकवते म्हटलं, तर म्हणाली, "आते शिकीसन कोनले दखाडू?" हो म्हणाली नाही, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

पोरी गेल्यावर मी ही वही घेऊन बसले, तर ती शेजारी येऊन टेकली. "रोज काय लिखी राहिनी व मनाबद्दल? वाची दखाड."

महिनाभर ही वही टेबलावर उघडी पडलेली असायची. तिनं कित्येकदा पुसायला उचलली असेल.

मी पहिल्यापासून वाचायला लागले. गुलाबाजीच्या नाकाला ती हसली, चिमण्यांच्या घड्याळाला हसली. मग सतरा तारखेचं पान आलं. मी ओळ पाहिली, नजर उचलली आणि न थांबता म्हटलं, "माय पुण्याला गेली तर मला करमायचं नाही. घर खायला उठेल."

तिनं चष्मा सारखा केला. मग माझ्या हनुवटीला हात लावून माझं तोंड आपल्याकडे वळवलं.

"हाई लिखेल नही शे," म्हणाली. "तुना डोया कागदवर नही व्हतात. गोष्ट सांगताना मना बी असाच ऱ्हायेत."

मी पहिलीच्या पोरांना शिकवते तसं ओळीखाली बोट ठेवलं आणि एकेक शब्द वाचला. खरं लिहायचं तर. ती पुण्याला गेली तर. मी सुटेन.

मायनं तेवढं सगळं ऐकलं. मग माझ्या हातातलं पेन घेतलं, वही मांडीवर ओढली आणि जीभ दातात धरून बराच वेळ काहीतरी काढत बसली. मी बघू लागले तर कोपरानं झाकलं. वही परत दिली आणि दूध तापलं का ते बघायला आत गेली.

त्या ओळीखाली पोपट आहे, प्रगतिपुस्तकावर सहीच्या जागी होता तसाच. फक्त या वेळी त्याला चष्मा घातलाय, आणि चष्म्याआड त्यानं डोळे मिटलेत.